टरफलांचं पाणी, लाल कांदा आणि थर्मास

डिसेंबर लागला की गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मटाराचे ढीग दिसायला लागतात आणि त्यांच्या शेजारी मातीचा ओला वास असलेला नवा लाल कांदा. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) आमच्याकडे सुपाचा हंगाम इथून सुरू होतो. हॉटेलात बारा महिने मिळणारं, कॉर्नफ्लॉवरने चिकट झालेलं लाल पाणी हा वेगळा पदार्थ आहे, त्याच्या वाट्याला जात नाही. त्या आठवड्यात बाजारात जे ताजं आणि स्वस्त, त्याचं सूप, एवढाच नियम.

हिवाळ्यात आमच्याकडे सूप दोन प्रकारचं होतं. एक शनिवारी रात्री घरी प्यायचं आणि दुसरं रविवारी पहाटे थर्मासात भरून बाहेर न्यायचं. सुरुवातीची काही वर्षं आम्ही एकच सूप दोन्हीकडे वापरलं आणि दोन्हीकडे बिघडवलं. घरचं दाट, लोण्याचं सूप थर्मासात चार तासांनी खळीसारखं होतं. वाटेवरचं पातळ कढण घरी भाकरीबरोबर घेतलं तर औषध घेतल्यासारखं वाटतं. तेव्हापासून दोन्ही वेगळी करतो.

आधी थंडीबद्दल थोडं, कारण ती कृतीतही आडवी येते. राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून पेपरात निफाडचं नाव वरचेवर छापून येतं. तो आकडा बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो आणि काही हिवाळ्यांत तो ५ अंशांच्याही खाली उतरतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की रात्रभर जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि सूर्य उगवायच्या सुमारास पारा सगळ्यात खाली असतो. द्राक्षवाले त्या वेळी बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्याचा मुळांना आधार होतो. स्वयंपाकघरात याच थंडीने दोन गोष्टी अडतात: टोमॅटो पिकत नाही आणि कडधान्य भिजत नाही.

टोमॅटो बुधवारी आणायचा आणि शनिवारपर्यंत पिकवायचा. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून लांबवर जाणारा टोमॅटो जाड सालीचा, गर जास्त आणि रस कमी असा असतो. प्रवासात टिकावा म्हणूनच त्या जाती लावतात. सुपाला हा गर चांगला, पण नुसत्या त्याने सूप मिळमिळीत होतं. गावठी टोमॅटो बियांचा आणि चांगलाच आंबट. तीन वाटे जाड सालीचा आणि एक वाटा गावठी हे प्रमाण आम्हाला जमलं आहे. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. साधारण १२ अंशांच्या खाली टोमॅटोचं पिकणं थांबतं आणि वासही मरतो. थंडीच्या लाटेत ओट्यावरसुद्धा पहाटे एवढंच तापमान असतं, म्हणून टोपलीत देठाची बाजू खाली करून मांडायचे, मध्ये एक पिकलेलं केळं ठेवायचं, वर वर्तमानपत्र आणि टोपली फ्रिजच्या मागच्या कोमट कोपऱ्यात. शनिवारी कापताना आत पांढरा कडक गाभा निघाला तर तेवढा कापून टाकायचा. तो कितीही शिजवला तरी तोंडात कच्चट लागतो.

आता मटार. एक किलो शेंगा सोलल्या की साडेचारशे ते पाचशे ग्रॅम दाणे हाती येतात, म्हणजे निम्मं वजन टरफलांचं. बहुतेक घरांत ते थेट कचऱ्यात जातं आणि आमचा जीव हळहळतो. कोवळी, हिरवीगार, डाग नसलेली टरफलं निवडायची, दोन पाण्यांनी धुवायची. टोकाशी माती अडकलेली असते, तिथे बोट फिरवायचं. पाव किलो टरफलांना एक लिटर पाणी, त्यात कोथिंबिरीचे मूठभर देठ, आणि झाकण न ठेवता पंधरा मिनिटं उकळायचं. झाकण ठेवलं तर भाजीतली आम्लं वाफेबरोबर बाहेर पडत नाहीत, पाण्यातच राहतात आणि हिरवा रंग मळकट होतो. पंधराच्या जागी अर्धा तास उकळलं तर पाण्याला गवताचा कडवटपणा येतो. गाळताना टरफलं डावाने दाबून घ्यायची, पण मिक्सरमध्ये फिरवायची नाहीत. आतला पातळ पापुद्रा इतका चिवट असतो की नंतर गाळणी त्यानेच बसते. साधारण चार कप (२०० मिलीचा कप) गोडसर पाणी निघतं. सुपात नुसतं पाणी आणि हे पाणी यांतला फरक पहिल्या चमच्याला कळतो.

चार जणांना पोटभर आणि एखाद्याला दुसऱ्यांदा मिळेल एवढ्या सुपाला टोमॅटो ७५० ग्रॅम, गाजर १५० ग्रॅम, लाल कांदा एक मोठा म्हणजे १०० ग्रॅम, लसूण चार पाकळ्या, लोणी किंवा तूप एक मोठा चमचा, तमालपत्र एक, मिरे सहा, मीठ सव्वा चहाचा चमचा, गूळ एक चहाचा चमचा आणि टरफलांचं पाणी तीन कप लागतं. उरलेला एक कप पाणी सूप जास्त दाट झालं तर हाताशी असावं.

दोन भांडी लागतात आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. टोमॅटो आणि गाजर एकत्र कुकरला लावलं की गाजर कडक राहतं. भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारा चिकट भाग आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून आंबटात गाजर, बटाटा, डाळ, सगळंच हट्टी होतं. मग लोक शिट्ट्या वाढवतात, टोमॅटोचा रंग विटतो आणि गाजर तरीही मिक्सरमध्ये दाणेदार राहतं. त्यापेक्षा दोघांना वेगळं शिजवावं.

पहिलं भांडं कुकर. त्यात लोणी, बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ, आच मंद. इथे कांद्याचं वय बघायचं. एप्रिलनंतर कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा कोरडा असतो, पटकन परततो. हा नवा लाल कांदा पाण्याने भरलेला असतो, पहिली चार मिनिटं तो परतला जात नाही, आपल्याच पाण्यात वाफवला जातो. घाई करून आच वाढवली की कडा करपतात, मधला भाग कच्चा राहतो आणि सगळ्या सुपाला कडवट छटा येते. आठ-दहा मिनिटं द्यावीत. कांदा पारदर्शक आणि मऊ झाला की पुरे, लाल करायचा नाही. मग लसूण अर्धं मिनिट, मग गाजराच्या पातळ चकत्या, एक कप टरफलांचं पाणी, दोन शिट्ट्या. गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची.

दुसऱ्या पातेल्यात टोमॅटोचे चार-चार तुकडे, तमालपत्र, मिरे. पाणी अजिबात नाही. झाकण ठेवून मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटांत टोमॅटो स्वतःच्या रसात पूर्ण बसतात. तळाला लागेल अशी भीती वाटली तर दोन चमचे पाणी शिंपडायचं, त्याहून जास्त नाही. तमालपत्र आणि मिरे वेचून काढायचे आणि हा गर पुरणयंत्रातून, बारीक जाळी लावून, फिरवायचा. पुरणपोळी सोडून या यंत्राचा आमच्या घरात सगळ्यात मोठा उपयोग हाच. मिक्सर का नाही? दोन कारणं. बिया फुटल्या की कडवटपणा उतरतो. आणि पात्यांनी हवा इतकी मिसळते की लाल गराचा फिकट नारिंगी फेस होतो. तसं झालंच तर पाच-सात मिनिटं उकळल्यावर फेस बसतो आणि रंग बराचसा परत येतो, बियांचा कडवटपणा मात्र येतो तो राहतोच.

गाजर-कांद्याला मिक्सर चालतो, निवल्यावर. गरम असताना भांडं अर्ध्याच्या वर भरून फिरवलं की वाफ एकदम फुलते, झाकण उडतं आणि गाजर छताला लागतं. घाईच असेल तर भांडं अर्धंच भरा, झाकणावरची टोपी काढा, त्यावर दुमडलेलं फडकं धरा आणि झटके देत फिरवा.

मग दोन्ही गर एका पातेल्यात, उरलेलं दोन कप टरफलांचं पाणी, मीठ, गूळ, आणि सात-आठ मिनिटं उकळी. दाटपणा गाजराचा आणि कांद्याचा. कॉर्नफ्लॉवर आम्ही घालत नाही, तत्त्व वगैरे काही नाही, ते आंबटात टिकत नाही. आंबट सूप जितकं जास्त उकळाल तितकी पिठाची खळ सुटत जाते आणि पुन्हा गरम करताना तर पाणीच होतं. अजून दाट हवं असेल तर गाजराबरोबर कुकरमध्ये एक चमचा भगर टाकावी. तांदळापेक्षा ती लवकर विरघळते.

आंबटपणा जास्त झाला तर आधी गूळ अर्धा चमचा वाढवा, मग एक चमचा लोणी. सोड्याची चिमूट घालणारे पुष्कळ आहेत. त्याने आम्ल कमी होतं हे खरं, पण टोमॅटोची चवही सपाट होते आणि प्रमाण जरा चुकलं की साबणाची आठवण येते. दूध किंवा साय घालायची असेल तर सरळ उकळत्या सुपात ओतू नका, फाटतं. गॅस बंद करा, वाटीत अर्धा कप कोमट साय घ्या, तिच्यात सुपाचे तीन-चार डाव एकेक करत मिसळा आणि मग ते मिश्रण पातेल्यात. त्यानंतर उकळी नाही. नारळाच्या दुधाचं टोमॅटो सार फुटतं ते याच कारणाने.

वाढण्याबद्दल एकच. थंड स्टीलच्या वाटीत सूप ओतलं की निम्मी ऊब वाटी पिते, आणि उरलेल्या उबेने वाटीची कड ओठ भाजते. चिनी मातीचे जाड बाऊल गरम पाण्याने विसळून घ्या. सोबत बाजरीची भाकरी आदल्या वेळेची असेल तर तिचे बोटभर तुकडे तव्यावर तुपात कडक करून वर टाकावेत. ब्रेडच्या तुकड्यांपेक्षा हे जास्त वेळ कुरकुरीत राहतात. ओल्या लसणाची पात बारीक चिरून, गॅस बंद केल्यावरच घाला. उकळली तर तिचा तिखट ताजेपणा जातो आणि नुसता हिरवा चोथा उरतो.

हे झालं रात्रीचं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एव्हाना हुलगे भिजलेले असतात.

वाटेवरच्या सुपाला हुलग्यासारखं दुसरं काही नाही. कोकणातले लोक याला कुळीथ म्हणतात आणि पिठी करतात, आपल्याकडे शेंगोळे होतात. थर्मासासाठी मात्र कढण, म्हणजे शिजलेल्या हुलग्यांचं गाळलेलं पाणी. त्यात दूध नाही, पीठ नाही, दाट गर नाही. पातळ असल्याने ओतायला सोपं, आणि प्रवासात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. हुलगे अंगात उष्णता आणतात असं घराघरांत म्हणतात, म्हणून ते थंडीतच जास्त चालतात.

अर्धा कप, म्हणजे साधारण १०० ग्रॅम हुलगे आधी सुपात पाखडायचे, मगच त्यांचं सूप करायचं. विनोद सोडा, पण हुलग्यात त्यांच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे असतात. ताटात पसरून खिडकीच्या उजेडात निवडल्याशिवाय भिजवू नका. शनिवारी सकाळी भिजत घालायचे, तेही कोमट पाण्यात. उन्हाळ्यात आठ तास पुरतात, जानेवारीत तेवढ्याच वेळात अर्धे दाणे आतून कोरडे राहतात. नखाने दाबून बघा: दाणा सरळ दुभंगला आणि मध्ये पांढरी ठिकरी दिसली नाही तर झाले. मोड आणायचे असतील तर दोन दिवस धरा. ओल्या फडक्यात बांधून, कुकरमध्ये ठेवून, कुकरला जुनं ब्लँकेट गुंडाळायचं.

भिजलेल्या हुलग्यांना सहा कप ताजं पाणी, एक चमचा तेल, मीठ नाही. सहा-सात शिट्ट्या आणि नंतर मंद आचेवर पंधरा मिनिटं. बोअरचं जड पाणी असेल तर दाणे शिजता शिजत नाहीत, कारण त्यातला चुना साल घट्ट करतो. अशा घरांत पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरावं. आमसूल किंवा चिंच शिजण्याआधी घालायची नाही, कारण तेच जे गाजराचं. पाणी गाळून घ्या, पाच कपांच्या आसपास निघेल. दाण्यांची उसळ होते, तीच रविवारी परत आल्यावर जेवायला.

तुपाची फोडणी एकच चहाचा चमचा. थर्मासात जास्त तूप गेलं की ते थंड झाकणाखाली गोठून थर बसतो आणि रबरी रिंगला चिकटतो. जिरं अर्धा चमचा, हिंग, ठेचलेला लसूण सहा पाकळ्या, मिरपूड पाव चमचा, मग गाळलेलं पाणी, दोन आमसुलं, मीठ. पाच मिनिटं उकळून आमसुलं काढून घ्या. लवंग, दालचिनी, अख्खे मिरे, आमसूल, काहीही आत राहू द्यायचं नाही. बंद गरम भांड्यात ते तासन्‌तास मुरत राहतं आणि सकाळी उरतो तो काढा. कोथिंबीरही आत नाही, काळी पडते. छोट्या डबीत वेगळी न्या. तांदूळ, शेवया, मॅकरोनी घातलेलं सूप तर थर्मासात नेऊच नये. ते सगळं पाणी पिऊन टाकतं आणि झाकण उघडल्यावर खिचडी हाती लागते.

नागलीचं (नाचणीचं) सूपही नेता येतं, पेठ-हरसूलकडची नवी नागली मिळाली तर जरूर. दोन मोठे चमचे पीठ अर्धा कप गार पाण्यात कालवून, उकळत्या तीन कप पाण्यात धारेने सोडायचं आणि कच्चा वास जाईपर्यंत सात-आठ मिनिटं ढवळायचं. पीठ सरळ गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या, आणि त्या फोडायचा उपाय नाही, गाळावंच लागतं. घरी पिताना निवल्यावर ताक घाला, आंबीलच झाली. थर्माससाठी ताक नको आणि पीठ निम्मं, कारण ते मुरताना घट्ट होत जातं.

आता थर्मास. सूप कितीही चांगलं असो, नव्वद टक्के तक्रारी इथे येतात.

स्टीलचा, दोन भिंतींमधून हवा काढलेला एक लिटरचा थर्मास घ्या. जुना काचेचा गाडीतून न्यायला ठीक, गडावर नाही. एक धक्का आणि आत काचेचा चुरा. विकत घेतल्यावर पहिल्या रात्री परीक्षा घ्यायची: दहा वाजता उकळतं पाणी भरा आणि तासाभराने बाहेरून हात लावा. कुठेही ऊब लागली तर निर्वात जागा फुटलेली आहे, दुकानात परत द्या. सकाळी सहाला आतल्या पाण्याचं तापमान मोजा. ६० अंशांच्या वर असेल तर उत्तम. सूप सुरक्षित राहायलाही हीच रेघ लक्षात ठेवा. कोमट झालेलं आणि दोन तासांहून जास्त वेळ तसंच राहिलेलं सूप पिऊ नये, चव चांगली असली तरी.

रात्री केलेलं कढण निवलं की फ्रिजमध्ये. पहाटे चारला उठून आधी थर्मासात उकळतं पाणी भरून झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं. थंडीत स्टीलची आतली भिंत इतकी गार असते की हे केलं नाही तर सूप भरताक्षणी खूप ऊब गमावतं. त्याच वेळी कढण खळखळून पाच मिनिटं उकळायचं. नाशिकच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे सुरुवातच दोन अंश खालून. मग गरम पाणी ओतून द्या, कढण काठापर्यंत भरा, बुचाखाली फक्त बोटभर जागा. अर्धवट भरलेला थर्मास लवकर गार होतो. पाच कप कढण म्हणजे बरोबर एक लिटर, अंदाज तिथूनच धरला आहे. वाटेत दर दहा मिनिटांनी उघडून ‘गरम आहे ना’ बघणारा एक जण प्रत्येक गाडीत असतो. त्याच्याकडे थर्मास द्यायचा नाही.

कुठे जायचं त्यावर थोडा फरक पडतो. नांदूर मधमेश्वर सगळ्यात सोपं, शहरापासून सुमारे ४० किलोमीटर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं हे पाणथळ २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या, चक्रवाक उतरतात, वारकरी नावाची काळी पाणपाखरं तर शेकड्यांनी. धुकं असेल तर उजाडल्यावरही बराच वेळ काही दिसत नाही, नुसते आवाज. चापडगावच्या बाजूच्या मनोऱ्याजवळ थांबून कढण पिण्याची वेळ हीच, धुकं उठायच्या आधीची. एकदा पक्षी दिसायला लागले की दुर्बीण एका हातात आणि कप दुसऱ्या हातात जमत नाही. झाकणाचा स्टीलचा खणखणाट टाळा, काठाला लागून असलेली बदकं लगेच आत सरकतात. प्लास्टिकचे कप घेतलेत तर आवाज नाही, पण ते परत आणायचे.

कळसूबाई घोटीमार्गे, बारी गावातून. उंची १६४६ मीटर, राज्यात सर्वात जास्त. सूर्योदय गाठायचा तर अंधारातच चढायला लागतं. वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि त्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून थर्मास सॅकच्या बाजूच्या कप्प्यात नको. तो हेलकावे देतो आणि वाकलं की निसटतो. पाठीला लागून, उभा, टॉवेलमध्ये गुंडाळून. वर पोहोचल्यावर लगेच कप भरायचा मोह होतो, पण आधी घामाने भिजलेला शर्ट बदला. माथ्यावरच्या वाऱ्यात ओला शर्ट अंगावर असेल तर सूप कितीही गरम असो, पाच मिनिटांत दात वाजतात. वर स्टोव्ह नेऊन ताजं शिजवायचा बेत काही जण करतात. त्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या खालीच उकळतं, डाळ-कडधान्य शिजायला घरच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. आणि डिसेंबर-जानेवारीत डोंगरावरचं गवत पूर्ण वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो. भरलेला थर्मासच बरा.

सापुताऱ्याला दिंडोरी-वणीमार्गे जाताना हे सगळं सैल सोडता येतं. गाडी आहे, घाट आहे, वाटेत सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी विकायला बसलेली असते. गाडी लागणाऱ्यांना मात्र घाट संपेपर्यंत कढण देऊ नका. हतगडाच्या पायथ्याशी थांबून द्यावं.

एक चूक आम्ही दरवर्षी कुणाकडून तरी ऐकतो: सूप बेचव लागलं. बहुतेक वेळा मीठ कमी नसतं, सूप कोमट झालेलं असतं. गरम असताना लसूण-जिऱ्याचा वास नाकात जातो आणि तीच निम्मी चव. तरी मिठाची एक छोटी पुडी आणि लिंबाच्या दोन फोडी बरोबर असाव्यात. चढून आलेल्या माणसाला घामामुळे घरच्यापेक्षा जरा जास्त मीठ हवंसं वाटतं.

परत आल्यावर थर्मास त्याच रात्री धुवायचा. लसणाचा वास स्टीलला लागत नाही, तो झाकणातल्या रबरी रिंगमध्ये राहतो आणि पुढच्या रविवारी चहाला येतो. रिंग सुरीच्या बोथट टोकाने काढा, कोमट पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवा. थर्मासातही तेच पाणी भरून ठेवा, पण झाकण न लावता. सकाळी विसळून दोन्ही वेगवेगळं, तोंड उघडं ठेवून उन्हात वाळवा. चहाचा आणि कढणाचा थर्मास वेगळा असेल तर उत्तमच. आमच्याकडे दोन आहेत आणि कढणाच्या थर्मासाच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला आहे, कारण पहाटे चारला वास घेऊन ओळखायची ताकद कुणातच नसते.